मर्यादा घातली, तरी सर्व्हर आडवा का झाला? लिनक्समधल्या मेमरीचं रेशनकार्ड

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तीसेक विद्यार्थ्यांमध्ये मिळून एक सर्व्हर आहे. ६४ जीबी रॅम, वर लिनक्स. त्याची देखभाल माझ्याकडे असते. कोणी त्यावर पावसाच्या जुन्या नोंदी चाळतं, कोणी भाषेचं मॉडेल शिकवतं, कोणाची नुसती पायथनशी पहिली ओळख चाललेली असते. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ठरलेलं असायचं: एकाचा प्रोग्राम सगळी मेमरी गिळायचा आणि बाकीच्या सगळ्यांचं काम जागच्या जागी थिजायचं. ज्याचा प्रबंध आठ दिवसांवर आलाय त्याला अशा वेळी काय वाटतं, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

म्हणून मी प्रत्येकाला ४ जीबीची मर्यादा घातली. लॉगिन करून तपासली, चालत होती. आणि पुढच्याच सोमवारी पहाटे तीन वाजता सर्व्हर पुन्हा आडवा झाला. सकाळी नोंदी उघडल्या तर एकाच विद्यार्थ्याच्या एका प्रोग्रामने ५० जीबीच्या वर मेमरी घेतलेली.

मर्यादा चारची आणि वापर पन्नासचा, हे कसं शक्य आहे? हा प्रश्न एकटा माझा नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये, छोट्या कंपन्यांत, जिथे जिथे एक यंत्र अनेकांमध्ये वाटलेलं असतं तिथे तो कधी ना कधी येतो. उत्तर समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. रेशनकार्ड माहीत असलं तरी पुरे.

## माणशी पाच किलो, की कार्डाला पस्तीस?

तीन शब्द आधी सांगून टाकते. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. सगळ्या प्रोसेसना मेमरी वाटणारा, यंत्राच्या गाभ्यातला कारभारी म्हणजे कर्नल. आणि मेमरी म्हणजे इथे रॅम: काम चालू असताना लागणारी जागा, फाइली साठवायची डिस्क नव्हे.

आता रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात वाटपाच्या दोन तऱ्हा आहेत. प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्डाला मात्र ३५ किलो, घरात माणसं किती हे न बघता.

लिनक्समध्येही या दोन्ही तऱ्हा आहेत. 'यूलिमिट' नावाची जुनी सोय माणशी हिशेब करते. तिची मेमरीची मर्यादा एकेका प्रोसेसला लागते. एका प्रोसेसला ४ जीबी दिली आणि विद्यार्थ्याने वीस प्रोसेस सुरू केल्या, तर ८० जीबीची वाट मोकळी झाली. 'यूलिमिट आहे की, मग हे नवं कशाला?' असं मला अनेकदा विचारतात. त्याचं उत्तर एवढंच आहे की घरात माणसं वाढवणं ज्याच्या हातात आहे, त्याला माणशी हिशेब अडवू शकत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे कंट्रोल ग्रुप, बोलताना सीग्रुप. मी त्याला इथे कार्ड म्हणेन. काही प्रोसेसचा एक गट करायचा आणि मर्यादा त्या अख्ख्या गटाला लावायची. प्रोसेसने नवी प्रोसेस जन्माला घातली की तिचं नाव आपोआप त्याच कार्डावर चढतं, त्यामुळे संख्या वाढवून काही फायदा नाही.

ही कल्पना २००६ साली गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी 'प्रोसेस कंटेनर' या नावाने मांडली. नाव बदलून ती जानेवारी २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीत आली. त्या आवृत्तीत मेमरीचा हिशेब मात्र नव्हता. तो पुढच्याच आवृत्तीत आला आणि त्यामागे आयबीएमचे बलबीर सिंग यांचं मोठं काम होतं. प्रोग्रामना आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी डॉकर आणि कुबरनेटीस ही साधनं आज याच पायावर उभी आहेत.

## कार्ड कोण काढून देतं?

आजच्या बहुतेक लिनक्समध्ये यंत्र सुरू झाल्यापासूनची सगळी व्यवस्था 'सिस्टिम-डी' बघतो. कार्डंही तोच काढतो. त्याच्याकडे दोन मोठे गठ्ठे असतात. एक 'सिस्टिम स्लाइस', म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या सेवांचा. दुसरा 'यूझर स्लाइस', म्हणजे लॉगिन केलेल्या माणसांचा. तुम्ही लॉगिन करता तेव्हा यूझर स्लाइसच्या पोटात तुमच्या क्रमांकाचं कार्ड तयार होतं, समजा 'यूझर-१००७ स्लाइस'. चार खिडक्या उघडून चारदा लॉगिन केलंत तरी कार्ड एकच.

सगळ्यांना एकसारखी मर्यादा घालायला २०१८ पासून, म्हणजे सिस्टिम-डीच्या २३९ आवृत्तीपासून, सोपी सोय आहे. एका ठरलेल्या जागी छोटी फाइल ठेवायची, तिच्यात 'मेमरीमॅक्स=४जी' (कमाल मेमरी ४ जीबी) एवढी ओळ लिहायची आणि सिस्टिम-डीला ती वाचायला सांगायची. मी केलं ते एवढंच, आणि ते बरोबरच होतं.

## पहिला प्रश्न: नाव कोणत्या कार्डावर आहे?

सोमवारच्या प्रसंगाची किल्ली कर्नलच्या नोंदवहीत होती. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करतो आणि तशी नोंद करतो. या नोंदीच्या दोन जाती आहेत. नोंद 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी सुरू झाली, तर कार्डाची मर्यादा संपली, म्हणजे आपली व्यवस्था चालली. नुसतं 'आउट ऑफ मेमरी' असेल, तर अख्ख्या यंत्राची मेमरी संपली. माझ्यासमोर दुसरी जात होती.

त्या नोंदीतच मारलेली प्रोसेस कोणाची आणि कोणत्या कार्डावरची, हे दोन्ही लिहिलेलं असतं. मालक: विद्यार्थी क्रमांक १००७. कार्ड: सिस्टिम स्लाइस, क्रॉन सर्व्हिस.

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा यंत्राचा गडी. विद्यार्थ्याने त्याला सांगून ठेवलं होतं, 'दर सोमवारी पहाटे तीनला माझा प्रोग्राम चालव.' त्यात गैर काहीच नव्हतं. उलट इतरांना त्रास नको म्हणून त्याने रात्रीची वेळ निवडली होती. पण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये क्रॉनने सुरू केलेलं काम लॉगिन धरलं जात नाही. ते क्रॉनच्याच कार्डावर राहतं, आणि क्रॉनच्या कार्डाला मर्यादाच नव्हती. प्रोसेसचा मालक तोच विद्यार्थी, पण कार्ड दुसऱ्याचं. कर्नल मालकाचं नाव बघत नाही, कार्ड बघतो.

इथेच बहुतेक जण अडकतात. आपण मनात 'या माणसाला मर्यादा घातली' असं म्हणतो. प्रत्यक्षात मर्यादा कार्डाला असते, आणि त्या माणसाची काही कामं भलत्याच कार्डावर चालू असतात.

हेच मला दुसऱ्या बाजूनेही भोवलं. एका विद्यार्थिनीचं काम खरंच मोठं होतं, म्हणून मी तिची मर्यादा ८ जीबी केली. मग माझ्या खिडकीतूनच 'एसयू' ही आज्ञा देऊन तिच्या नावाने शिरले आणि तपासलं. प्रोग्राम चारलाच मेला. दोन तास मी सेटिंग शोधत होते. सेटिंग बिनचूक होतं. एसयूने माणूस बदलतो, कार्ड बदलत नाही. मी लॉगिन माझ्या नावाने केलं होतं, तेव्हा मोजणी माझ्याच कार्डावर होत होती. तिने स्वतःच्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं आणि आठपर्यंत सहज गेली.

तिसरी पळवाट डॉकरची. एखाद्याला डॉकर वापरायची मुभा दिली की त्याचे कंटेनर त्याच्यासाठी डॉकरचा मध्यवर्ती गडी सुरू करतो, आणि सहसा ते सिस्टिम स्लाइसखाली जातात. तिथे विद्यार्थ्याच्या मर्यादेचा संबंधच उरत नाही. पॉडमन हे तसंच दुसरं साधन साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालवलं, तर कंटेनर त्याच्याच कार्डाखाली राहतात. म्हणून सामायिक सर्व्हरवर मी डॉकर देत नाही, पॉडमन देते.

कोणती प्रोसेस कोणत्या कार्डावर आहे, हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. 'प्रॉक' या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचा कप्पा असतो आणि त्यात 'सीग्रुप' नावाची एका ओळीची फाइल. तिच्यात कार्डाचा पूर्ण पत्ता असतो. सगळी वंशावळ एकदम पाहायची तर 'सिस्टिम-डी-सीजीएलएस' ही आज्ञा आहे. 'मर्यादा लागू होत नाही' अशी तक्रार आली की मी आता सेटिंग उघडतच नाही. आधी ही ओळ वाचते.

## दुसरा प्रश्न: मोजलं काय जातं?

नाव योग्य कार्डावर आहे, तरी आकडे जुळत नाहीत, असंही होतं. तेव्हा आपण ज्याला 'वापरलेली मेमरी' म्हणतो आणि कर्नल ज्याला म्हणतो त्यात फरक असतो.

नेहमी फसवतो तो तपासणीचा प्रोग्राम. कोणीतरी दहा ओळी लिहून १० जीबी मागतो, ती जागा मिळते, आणि तो म्हणतो, 'बघा, मर्यादा खोटी आहे!' पण मागणं म्हणजे उचलणं नव्हे. दुकानाच्या वहीत नाव लिहून आलात म्हणून धान्य घरी येत नाही. कर्नल फक्त उचललेलं मोजतो. मागितलेल्या जागेत प्रोग्रामने खरोखर काही लिहिलं, की तेवढी जागा कार्डावर पडते. यूलिमिटची नेहमी वापरली जाणारी मर्यादा मात्र वहीतली मागणीच मोजते. म्हणून जावासारखे, आधीच भरपूर जागा राखून ठेवणारे प्रोग्राम तिथे विनाकारण अडतात.

मग स्वॅप. रॅम कमी पडली की कर्नल थोडा माल डिस्कवर हलवतो, त्या जागेला स्वॅप म्हणतात. मेमरीमॅक्समध्ये स्वॅप धरलेला नसतो. १६ जीबी स्वॅप असलेल्या यंत्रावर ४ जीबीचा माणूस प्रत्यक्षात २० जीबी पसरू शकतो. तो मरत नाही, पण डिस्क सतत खडखडत राहते आणि त्याचा त्रास सगळ्यांना. त्यासाठी 'मेमरीस्वॅपमॅक्स' ही वेगळी मर्यादा आहे. दोन्ही एकत्रच घालाव्यात.

आणि एक गोष्ट, जिच्यापायी माझ्याकडे सर्वांत जास्त चिडलेले विद्यार्थी आले. 'मॅडम, माझा प्रोग्राम दीड जीबी घेतो, तरी मारला जातो. टॉपमध्ये बघा.' तो खोटं बोलत नव्हता. टॉप ही चालू प्रोसेस दाखवणारी आज्ञा. ती त्याच्या प्रोसेसचा वापर दाखवत होती, कर्नल त्याच्या कार्डाचा वापर मोजत होता. आणि कार्डावर प्रोसेसशिवायही सामान असतं.

एक सामान निरुपद्रवी असतं. तुम्ही मोठी फाइल वाचलीत की कर्नल तिची प्रत रॅममध्ये ठेवतो, पुन्हा लागली तर पटकन मिळावी म्हणून. याला पेज कॅश म्हणतात आणि तो तुमच्या कार्डावर पडतो. 'मी न मागितलेलं माझ्या नावावर का?' हा आक्षेप रास्त वाटतो. पण गरज पडली की कर्नल हा कॅश आधी टाकून देतो, त्यापायी सहसा कोणाला मारत नाही. वापराचा आकडा मर्यादेला टेकलेला दिसला म्हणून घाबरू नये. तो कॅशने भरलेला असू शकतो.

दुसरं सामान खरं घातक. 'डेव्ह-एसएचएम' नावाचं एक फोल्डर असतं. दिसायला डिस्कवरच्या फोल्डरासारखं, पण त्यातली प्रत्येक फाइल रॅममध्येच असते. अनेक प्रोसेस मिळून काम करणारे प्रोग्राम आपसांत माहिती द्यायला ते वापरतात. प्रोग्राम मध्येच कोसळला तर या फाइली मागे राहतात. प्रोसेस गेली, तरी फाइली रॅम अडवून बसतात आणि टाकून देता येत नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. या विद्यार्थ्याच्या तिथे अडीच जीबी फाइली पडून होत्या, तीन आठवड्यांपूर्वीच्या. त्याला खरी शिल्लक दीडच जीबी होती. फाइली पुसल्या आणि तक्रार मिटली.

हे शोधायला प्रत्येक कार्डासोबत 'मेमरी स्टॅट' ही फाइल असते. तिच्यातल्या तीन ओळी आधी वाचाव्यात: 'अ‍ॅनॉन' म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं, 'फाइल' म्हणजे फाइलींच्या प्रती, 'शमेम' म्हणजे ही सामायिक मेमरी. शमेम 'फाइल'च्या आकड्यातही धरलेली असते, एवढं लक्षात ठेवायचं. 'फाइल' मोठी पण शमेम किरकोळ, तर निश्चिंत राहावं. शमेम मोठी, तर डेव्ह-एसएचएम उघडून बघावं.

## मारलं नाही, पण प्रोग्राम कासव झाला

मेमरीमॅक्सची एक सौम्य बहीण आहे, 'मेमरीहाय'. मॅक्स म्हणजे भिंत. हाय म्हणजे भिंतीआधीचा चिखल. वापर हायच्या वर गेला की कर्नल मारत नाही. कॅश परत घेतो, स्वॅपमध्ये ढकलतो, आणि तेही पुरलं नाही तर त्या प्रोसेसना मुद्दाम थांबवत थांबवत चालवतो.

कल्पना चांगली आहे, पण निदान अवघड होतं. कुठे मृत्यूची नोंद नाही, नुसती तक्रार असते: 'सर्व्हर स्लो आहे.' प्रत्यक्षात सर्व्हर ठणठणीत असतो, एकटं त्याचंच कार्ड चिखलात असतं. अशा वेळी 'मेमरी इव्हेंट्स' ही फाइल बघायची. तिच्यात हाय कितीदा ओलांडलं, मॅक्सला कितीदा धडक दिली आणि किती प्रोसेस मारल्या, याचे आकडे चढत जातात. हायचा आकडा हजारोंनी वाढतोय आणि मारल्याचा शून्य, तर निदान झालं. विद्यार्थ्यांसाठी मी हाय मॅक्सच्या अगदी जवळ ठेवते. तासन्‌तास सरपटणाऱ्या प्रोग्रामपेक्षा स्पष्ट कारण सांगून थांबलेला प्रोग्राम त्यांना बरा पडतो.

## इंटरनेटवरचा उपाय का चालत नाही?

कारण तो बहुधा दुसऱ्या पिढीच्या आधीचा असतो. सीग्रुपच्या दोन पिढ्या आहेत. दुसरी कर्नलवर काम करणारे तेजुन हिओ यांच्या पुढाकाराने घडली आणि २०१६ मध्ये कर्नल ४.५ सोबत अधिकृत झाली. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने ३१ व्या आवृत्तीत ती २०१९ मध्ये मुळातच चालू करून दिली, डेबियन ११ ने २०२१ मध्ये. दोन्हींत फाइलींची नावं वेगळी आहेत. पहिल्या पिढीवर मेमरीहाय आणि मेमरीस्वॅपमॅक्स या ओळी लिहिल्या तरी काहीच घडत नाही.

जुन्या उपायांत एक पहारेकरी प्रोग्राम असायचा. तो नव्या प्रोसेस शोधून त्यांना नियमाप्रमाणे कार्डांत हलवायचा. दुसऱ्या पिढीत ही युक्ती फसते, कारण प्रोसेस हलवली तरी तिने आधी उचललेली मेमरी जुन्या कार्डावरच मोजली जाते. पहारेकरी पोचेपर्यंत तिने ३ जीबी घेतली असेल तर ती नव्या कार्डावर येतच नाही. शिवाय सिस्टिम-डी आपली कार्डं स्वतः सांभाळतो. दोन कारभारी एकाच वहीत लिहू लागले की गोंधळ ठरलेला. म्हणून प्रोसेस जन्मल्या जन्मल्या योग्य कार्डावर असावी, नंतर हलवायची वेळ येऊ नये.

## 'एवढं करण्यापेक्षा रॅम वाढवा ना!'

२०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती जगभर किती चढल्या, हे ज्याने कोटेशन मागवलंय त्याला सांगायला नको. पण किंमत बाजूला ठेवली तरी उत्तर तेच. चुकलेला प्रोग्राम ६४ काय आणि २५६ काय, जेवढी असेल तेवढी खातो.

हिशेब करणारे दुसरा प्रश्न विचारतात: तीस जणांना चार-चार म्हणजे १२० जीबी, यंत्रात तर ६४! बरोबर आहे. मर्यादा म्हणजे राखीव जागा नव्हे. सगळे एकाच वेळी टोकाला जात नाहीत, या भरवशावर हे चालतं. तो भरवसा एखाद्या दिवशी तुटू शकतो, म्हणून मी अख्ख्या यूझर स्लाइसलाही ५६ जीबीची मर्यादा घातली आहे. कार्डाच्या वर गठ्ठ्याचीही मर्यादा असते आणि कमी असेल ती लागू होते. उरलेले ८ जीबी यंत्राच्या स्वतःच्या कामांना राहतात. सगळे विद्यार्थी एकदम टोकाला गेले तरी यंत्राच्या स्वतःच्या सेवा चालू राहतात. एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, असं मी इतर संस्थांतल्या माझ्यासारख्यांना सांगते.

## सोमवारच्या कामाचं काय केलं?

क्रॉन बंद करणं सोपं होतं, पण मुलांची कामं अडली असती. क्रॉनच्या सेवेलाच ६ जीबीची मर्यादा घातली. ती सगळ्यांना मिळून एकच असते, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं काम मरू शकतं; ती फक्त शेवटची जाळी. खरा उपाय म्हणजे सिस्टिम-डीचे वैयक्तिक टायमर. ते क्रॉनसारखेच ठरल्या वेळी काम सुरू करतात, पण वापरकर्त्याच्या स्वतःच्या कार्डाखाली. लॉगिन नसतानाही ते चालावेत म्हणून प्रत्येकाच्या नावाने 'लिंगर' ही परवानगी एकदा द्यावी लागते. मी सगळ्यांना ती दिली आणि क्रॉनची ओळ टायमरमध्ये कशी बदलायची याचं एक पान लिहून लॅबच्या दारावर लावलं.

त्या विद्यार्थ्याने शनिवारी बदल केला. सोमवारी पहाटे तीन वाजून सहा मिनिटांनी कर्नलच्या वहीत नोंद पडली: मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी, कार्ड यूझर-१००७ स्लाइस. बाकी कोणाच्या प्रोसेसला धक्का नव्हता. एकीचं मॉडेल रात्रभर शिकत राहिलं होतं. सकाळी आम्ही दोघांनी त्याचा कोड उघडला. पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी तो एकाच घासात मेमरीत घेत होता. एकेक वर्ष वाचायला लावलं, तेव्हा सगळं काम पाऊण जीबीत झालं.